दोन्ही बाजूंचं पाणी

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो, पण ऐकल्या ऐकल्या नाक मुरडू नका. मी पत्र्याची नाही, प्लास्टिकची नाही, आणि मोरीत बसून नळाची वाट बघणाऱ्यांपैकी तर मुळीच नाही. मी कापडाची आहे. शिडाला वापरतात त्या जाड कापडाचे दोन पदर, खाली लाकडाचं गोल बूड, तोंडाला पितळेची कडी आणि कडीला लांबलचक दोर. सध्या माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. एके काळी माझ्यात समुद्र असायचा. सगळा नव्हे, घोटभरच. पण समुद्राचं एक बरं आहे, घोटभर घेतला तरी तो समुद्रच असतो.

मला आईने शिवलं. ती माझी आई आणि या गोष्टीतल्या दोन भावंडांचीही आई. बंदरामागच्या गल्लीत तिचं ताडपत्र्या आणि शिडं शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबट खोली. एका टोकाला शिलाईचं मशीन, दुसऱ्या टोकाला चहाचा स्टोव्ह, आणि मधे कापडाचा एवढा ढीग की गिऱ्हाईक आलं तर त्याला ढिगावरच बसावं लागे. हवेत कायम मेणाचा वास. आई तळहाताला चामड्याची पट्टी बांधून दाभणाएवढी सुई कापडात खुपसायची आणि दात-ओठ खात दोरा ओढायची. चहाच्या कपात सुताचे तुकडे पडलेले असायचे. ते बोटाने काढून ती चहा प्यायची.

तिची थोरली मुलगी हवामान कचेरीत नोकरीला होती. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. मुलगा टपाल नेणाऱ्या जहाजावर अधिकारी होता, पण घरी तो धाकटाच राहिला. मिशा आल्या तरी धाकटाच.

एक दिवस ताई दुकानात आली आणि म्हणाली, "आई, धाकट्याच्या जहाजाला एक बादली शिवून दे. समुद्राचं पाणी काढून किती तापलंय ते बघायचं असतं. पत्र्याची उन्हात स्वतःच तापते, मग पाण्याचं खरं काही कळत नाही. कापडाची हवी, दोन पदरी."

"समुद्राला ताप बघायचा?" आई म्हणाली. "तुम्हा दोघांना ताप आला की मला नुसत्या हाताने कळायचं. समुद्राचे लाड बघा!"

"समुद्राला ताप आला ना आई, की वादळाला खायला मिळतं. कोमट पाण्यावर ते पोसतं. म्हणून आधी कळायला हवं."

मग आईने चेष्टा सोडली. तिने मला दुहेरी टाके घातले. "एक उसवला तर दुसरा धरेल," ती स्वतःशीच म्हणाली. आणि दोरा तोडताना म्हणाली, "हिला कोरडी पडू देऊ नका. कापड सुकलं की टाके सैल होतात." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तर कधीच विसरले नाही.

जहाजावर माझं काम सोपं होतं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी धाकटा मला कठड्यापाशी न्यायचा आणि दोर हातात धरून समुद्रात फेकायचा. मी थोडी फरफटत जायचे, तोंड भरून घ्यायचे आणि वर यायचे. सावलीत ठेवून तो माझ्यात थर्मामीटर सोडायचा, डोळे बारीक करून पारा वाचायचा आणि पाणी परत समुद्राला देऊन टाकायचा. जन्मभर मी एवढं पाणी उचललं, पण एक थेंबही माझा झाला नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पाहुणा चांगला असला की थोडा वेळ बसला तरी पुरतं.

आणि काय काय पाहुणे यायचे! तुम्हाला वाटतं समुद्राचं पाणी सगळीकडे सारखंच. मलाही आधी तसंच वाटायचं. पण दुपारी वारा पडला की पाण्याचा वरचा थर आंघोळीच्या पाण्यासारखा कोमट व्हायचा. मोठी सर येऊन गेली की खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याची पातळ साय धरायची, आणि मी फक्त ती साय उचलून आणायचे. एका भूशिराजवळ वारा वरचं पाणी बाजूला ढकलायचा आणि खालचं, कधीच ऊन न पाहिलेलं पाणी वर यायचं. ते इतकं गार असे की माझे टाके आवळून येत. त्या पाण्याला खूप जुना वास होता. नदीच्या मुखाजवळ माझ्यात एकदा हिरवं पान आलं होतं. जमीन दिसत नव्हती, पण पानाला दिसली होती.

ऊन उतरू लागलं की क्षितिजावर ढगांचे मनोरे उभे राहायचे. पांढरे, मग पिवळे, मग जांभळे. मी भरलेली असले की ते सगळे मनोरे माझ्यात उलटे उभे राहायचे. धाकटा थर्मामीटर घालायच्या आधी क्षणभर थांबायचा आणि बघायचा. त्याच्या तोंडावर त्या वेळी एक शहाणपणा नसलेलं हसू असायचं. मला ते फार आवडायचं.

मग तो रेडिओवर ताईला आकडे सांगायचा. पाणी किती, हवा किती, हवेचा दाब किती, वारा कुठून, लाट केवढी, ढग कसे. रेडिओवर घरगुती बोलायला सक्त मनाई होती. तो आकडे सांगायचा आणि पलीकडून ताई म्हणायची, "मिळालं." बस. पण त्या एका शब्दात ती काय काय भरायची! ती दमलेली असली तर कळायचं, खूश असली तर कळायचं. धाकट्याचा आवाज बसलेला असला की ताईचं "मिळालं" जरा लांबायचं. मी दाराशी ठिबकत असायचे आणि ऐकायचे.

कचेरीत ताईसमोर मोठा नकाशा असे. आमचा आकडा ती त्याच्यावर मांडायची, आणि त्या नकाशावरून होड्यांनी समुद्रात जावं की नाही ते ठरायचं. तिचे साहेब म्हणायचे की टपाल जहाजाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे ऐकून धाकटा आठवडाभर छाती काढून चालत होता. मीही थोडी फुगले असेन. कापडाचीच आहे मी, फुगायला वेळ लागत नाही.

आता ऐका, कुठे माशी शिंकली ते.

जहाजावर मला नेहमी उजव्या बाजूने टाकत. टपालखोलीच्या दारासमोर कठड्याला एक खाच पडली होती, दोर घासून घासून. तिथूनच टाकायचं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या अधिकाऱ्याने धाकट्याला तसं शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. खरं कारण साधं होतं. इंजिनाला थंड करून गरम झालेलं पाणी डाव्या बाजूने बाहेर पडायचं, म्हणून बादली उजवीकडे. कारण कधीच विसरलं गेलं होतं. खाच तेवढी उरली होती.

पुढे जहाज दुरुस्तीला गेलं. धाकटा सुट्टीवर घरी होता. इंजिनवाल्या काकांनी गरम पाणी सोडणारा, कुरकुरणारा जुना पाइप काढून टाकला आणि नवा पाइप सोयीचा म्हणून उजव्या बाजूला काढला. मी जिथे पडायचे त्याच्या जरा पुढे, पाण्याच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा. काकांनी डेकवरच्या कुणाला सांगितलं नाही. "वरच्या लोकांना पाइपाशी काय करायचंय?" असं त्यांचं म्हणणं. आणि वरच्या लोकांना वाटायचं, खालच्यांना समुद्राशी काय करायचंय. एकाच जहाजात राहून शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते माहीत नसावं, अशातली गत.

धाकटा परत आला. त्याने मला उचललं, खाचेत दोर ठेवला आणि उजवीकडे फेकलं.

मला पहिल्याच घोटाला कळलं. त्या पाण्याला लोखंडाचा वास होता. ते उन्हाने तापलेलं नव्हतं, ते घाईत तापलेलं होतं. पण करणार काय? बादलीला तोंड असतं, जीभ नसते.

धाकट्याने पारा वाचला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. दुपारी तसाच आकडा, संध्याकाळी तसाच. त्याच दिवशी नेमका हवेचा दाबही जरा उतरला होता आणि ढगांचे मनोरे जास्तच उंच झाले होते. ताईने तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या आणि सांगितलं, "होड्या घरीच राहू देत."

ऐन मासळीचा हंगाम होता. होड्या वाळूवर ओढल्या गेल्या. लोकांनी दारं-खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आईने रात्रंदिवस बसून ताडपत्र्या शिवल्या. आणि मग काय झालं? काही नाही. लख्ख ऊन पडलं. समुद्र असा गुळगुळीत की त्याच्यावर कपडे इस्त्री करावेत. लोक वाळूवर बसून समुद्राकडे बघत राहिले, आणि नंतर ताईकडे बघू लागले.

चूक धाकट्यालाच सापडली. परत येऊन जहाज नांगरलं होतं, इंजिन चालू होतं. सहज हात धुवायला म्हणून त्याने मला डावीकडून टाकलं आणि पाण्यात हात घातला. पाणी गार लागलं. तो तसाच थबकला. मग त्याने मला उजवीकडून टाकलं, मग पुन्हा डावीकडून. मग कठड्यावर पोट टेकून, डोकं खाली करून तो पाण्याकडे बघत राहिला. तिथे एक हलकीशी खळखळ होती, भांड्यातलं पाणी उकळायच्या आधी होते तशी. त्याचा चेहरा उतरला. त्याने काकांना काही म्हटलं नाही, मला काखेत मारलं आणि तडक घरी निघाला.

ताई आणि तिचा नवरा जेवायला बसले होते. ताईचा नवरा, म्हणजे धाकट्याचे भावोजी, स्वतःच्या होडीवर मासेमारी करायचे. गडगडाट करत हसणारा माणूस. आईही तिथेच होती. धाकट्याने मला जमिनीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

भावोजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे जहाजाच्या आंघोळीच्या पाण्यासाठी आम्ही घरी बसलो?" असं म्हणून ते जे हसत सुटले, ते थांबेनात.

ताई हसली नाही. "तू एकदा तरी विचारायचंस रे, पाइप कुठे आहे ते."

"तू तरी कधी विचारलंस, बादली कुठल्या बाजूने टाकतोस ते?"

बोलून गेला खरा, पण बोलल्याक्षणी त्याला कळलं की हे बोलायला नको होतं. ताईने ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला काय म्हणायचं!" धाकटा मला उचलून न जेवताच जहाजावर परतला.

ताईने कचेरीत जाऊन सगळं खरं सांगितलं. साहेबांचं तोंड दुधाने पोळलं होतं, आता ते ताकही फुंकून पिऊ लागले. आमच्या जहाजाचा आकडा नकाशावर मांडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. ताईला बजावलं, की असं पुन्हा झालं तर नकाशाच्या टेबलावरून उठायचं आणि टंकलेखनाला बसायचं. बाजारात लोक तिला विचारायचे, "काय ताई, आज बादली काय म्हणते?" एका बाईने तर ती दिसताच छत्री उघडली, भर उन्हात.

मित्रांनो, उजवीकडून टाकलं तेव्हाही आणि डावीकडून टाकलं तेव्हाही मी खरंच सांगितलं होतं. मला ज्या पाण्यात बुडवलं त्याचंच मी सांगितलं. पण हे कुणाला पटवणार?

धाकट्याने त्यानंतर नेम बदलला. जुनी खाच सोडून तो मला डावीकडून आणि पार पुढून टाकायचा, जिथे जहाजाने पाण्याला अजून हात लावलेला नसतो. आकडा कुणी मांडत नाही हे माहीत असूनही तो तीन वेळा मला टाकत होता आणि तीन वेळा सांगत होता. कप्तान एकदा म्हणाले, "कशाला उगीच घसा कोरडा करतोस? कुणी ऐकत नाहीये." धाकटा म्हणाला, "ताई ऐकते."

ती ऐकत होती. पण दोघं बोलत नव्हती. जहाज बंदरात असलं तरी तो तिच्याकडे जेवायला जात नसे, आणि ती बोलवत नसे. उरलं होतं ते रेडिओवरचं "मिळालं". तेही कोरडं. पण रोज तीन वेळा. आज मी विचार करते तेव्हा वाटतं, आईने माझ्याबद्दल जे सांगितलं होतं ते त्या दोघांनी न कळत पाळलं. नातं पार कोरडं पडू दिलं नाही.

असे बरेच आठवडे गेले. मग ती शांत दुपार आली.

मला ती दुपार स्वप्नासारखी आठवते. वारा अजिबात नव्हता. समुद्र तेलासारखा जड झाला होता आणि आभाळ दुधट. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. आमचं जहाज जणू कशावर नव्हतंच, नुसतं तरंगत होतं. पक्षी दिसेनासे झाले होते. आणि त्या गुळगुळीत पाण्याखालून एक लांब, संथ लाट येत होती. वारा नसताना येत होती. जहाज हळूच उचलायची, हळूच खाली ठेवायची. निजलेल्या माणसाची छाती वर-खाली होते तशी. कुठेतरी दूर, आमच्या नजरेपलीकडे, कुणीतरी मोठं जागं झालं होतं आणि त्याची चाहूल आमच्यापर्यंत पोचत होती.

धाकट्याने मला पुढून, डावीकडून टाकलं. पाणी माझ्यात शिरलं आणि मी दचकले. कोमट, खोलवर कोमट. लोखंडाचा वास नव्हता. हे पाणी कुणी घाईत तापवलेलं नव्हतं. कित्येक दिवस उन्हाखाली पडून पडून ते तापत आलं होतं. मग त्याने तिथूनच, पाइपाच्या बऱ्याच पुढून, उजवीकडे टाकलं, तेच. हवेचा दाब पाहिला, तो उतरत होता.

तो धावतच रेडिओपाशी गेला. त्याने आकडे सांगितले. पलीकडून "मिळालं" आलं नाही. नुसती खरखर. मी दाराशी ठिबकत होते, आणि मला माझ्या थेंबांचा आवाज मोठा वाटू लागला.

मग ताईचा आवाज आला. "कुठल्या बाजूने टाकलीस?"

"दोन्ही."

"पुन्हा टाक. इंजिन बंद करून."

भर समुद्रात, टपाल घेऊन निघालेलं जहाज, एका बादलीसाठी थांबवायचं! धाकट्याने कप्तानांकडे पाहिलं. कप्तान शिस्तीचे माणूस. जहाजाला उशीर झाला की त्यांना जेवण जायचं नाही. ते दारात येऊन सगळं ऐकत होते. त्यांनी एकदा त्या संथ लाटेकडे पाहिलं आणि खाली इंजिनखोलीत आवाज पोचवणाऱ्या नळीला तोंड लावून ओरडले, "काका, इंजिन बंद करा."

"का?" खालून आवाज आला.

"बादलीला बोलायचंय."

आणि इंजिन थांबलं. मित्रांनो, मी त्या जहाजावर इतकी वर्षं होते, पण त्याच्या पोटातली घरघर थांबलेली मी भर समुद्रात कधी ऐकली नव्हती. जहाज हळूहळू वेग सोडत उभं राहिलं. काका पुसायचं फडकं हातात घेऊन वर आले आणि कठड्याशी उभे राहिले. फक्त लाट यायची, आम्हाला उचलायची, खाली ठेवायची. धाकट्याने मला फेकलं नाही. दोन्ही हातांनी दोर सोडत हळूच पाण्यात ठेवलं. मी त्या दुधट, उबदार पाण्यात बुडाले, आणि क्षणभर मला वाटलं की आपण कापडाच्या नाहीच, आपणही पाणीच आहोत. मग दोर ताणला गेला आणि मी वर आले.

पारा तिथेच होता. एक रेघही खाली नाही.

"ताई," धाकटा रेडिओत म्हणाला, "दोन्ही बाजूंचं पाणी तापलंय. इंजिन बंद आहे. मी हात घालूनही पाहिला."

पलीकडे पुन्हा खरखर झाली. मग ताई म्हणाली, "मिळालं." आणि जिने इतक्या वर्षांत एकही घरगुती शब्द त्या रेडिओवर उच्चारला नव्हता, ती म्हणाली, "धाकट्या, घरी ये रे."

पुढचं मी नंतर ऐकलं, भावोजींच्या तोंडून. ते तिखटमीठ लावून सांगतात, पण मूळ गोष्ट खोटी नसते. साहेब म्हणाले, त्या जहाजाचा आकडा मांडायचा नाही असं ठरलंय ना? ताई म्हणाली, "ठरलंय. मी तरी मांडतेय. चुकलं तर उद्यापासून टंकलेखनाला बसते." तिने आकडा मांडला, पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतः चालत बंदरावर गेली. होड्या निघायच्या बेतात होत्या. बर्फ भरला होता, जाळी चढली होती. ताईने सांगितलं, जाऊ नका. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "बादली बोलली वाटतं!"

तेवढ्यात भावोजी आपल्या होडीतून खाली उतरले. बाजारात ताईची टिंगल व्हायची त्यात त्यांचं हसू सगळ्यांत मोठं असायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी दोर खांद्यावर घेतला आणि होडी वाळूवर ओढायला लागले. एकटेच. पाय वाळूत रुतत होते.

"काय हो, बायकोला घाबरलात?" एकाने विचारलं.

"रोजच घाबरतो," भावोजी म्हणाले. "आज समुद्रालाही घाबरलोय. हसून झालं असेल तर दोराला हात लावा."

आधी एक आला, मग दुसरा. मग कुणी बडबडत, कुणी शिव्या देत, पण होड्या एकेक करून वर आल्या. आईने दुकानातल्या सगळ्या ताडपत्र्या बाहेर काढून होड्यांवर बांधल्या.

वादळ दुसऱ्या दिवशी आलं. कप्तानांनी तोवर लांबचा रस्ता धरून त्याच्याकडे पाठ फिरवली होती, तरी त्याच्या पदराचा तडाखा आम्हाला बसलाच. पाऊस आडवा येत होता, लाटांचे माथे वारा कापून नेत होता, आणि भर दुपारी दिवे लावावे लागले होते. मला टपालखोलीच्या दाराशी बांधून ठेवलं होतं. एक लाट कठडा ओलांडून आत आली आणि मला काठोकाठ भरून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र न बोलावता माझ्याकडे आला होता. मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. पण आईचे दुहेरी टाके सुटले नाहीत.

आम्ही परतलो तेव्हा बंदराचा अर्धा धक्का वाहून गेला होता. कित्येक घरांची छपरं उडाली होती, आईच्या दुकानाचंही. पण वाळूवर होड्या ओळीने होत्या, आणि होड्यांचे धनी त्यांच्या शेजारी उभे होते. सगळे. मी मोजले नाहीत, पण आईने मोजले होते.

ताई पुढे आली. धाकटा काही बोलायला गेला, पण तिने त्याच्या हातातून मला घेतलं. माझ्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. मग भर बंदरावर, सगळ्यांसमोर, ती मला छातीशी धरून रडली. धाकटा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. थोरल्या बहिणीच्या डोक्यावर धाकट्याने हात ठेवायचा नसतो म्हणे, पण त्या दिवशी कुणी चुका काढत नव्हतं.

त्यानंतर आमचा आकडा पुन्हा नकाशावर चढला. बाजारात अजूनही कुणीतरी विचारायचं, "ताई, बादली काय म्हणते?" पण आता ते उत्तरासाठी थांबायचे.

पुढे व्हायचं तेच झालं. जहाजाच्या पोटात पाण्याचं तापमान आपोआप सांगणारं यंत्र बसलं. ते न थकता सांगतं, त्याला दोर लागत नाही, आणि चांगलं आहे, मी त्याला पाण्यात पाहत नाही. माझ्यात आधी बटाटे ठेवले, मग रंगाचे डबे, मग काहीच नाही. धाकट्याने मला तिथे पडून राहू दिलं नाही, ताईच्या घरी आणून दिलं. तिच्या गच्चीत मी चिमटे सांभाळते. दुपारी ऊन माझ्यावर येतं. मी डोळे मिटते, आणि दुधट समुद्रावर उभं राहिलेलं ते जहाज मला रोज दिसतं.

पण इतकी वर्षं पाणी न मिळाल्याने माझे टाके सैल होत चालले होते. ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. परवा आई आली. आता तिला नीट दिसत नाही. चिमटा काढायला तिने माझ्यात हात घातला आणि हात तसाच आत ठेवून म्हणाली, "अगं ताई, ही तर ठणठणीत कोरडी आहे! काय सांगितलं होतं मी?" तिने चिमटे जमिनीवर ओतले आणि मला नळाखाली धरलं.

आधी पाणी सगळ्या शिवणींतून गळलं. मग कापड फुगलं, टाके आवळले, आणि मी भरले. किती वर्षांनी! नळाचं साधंच पाणी. थोडं गार, किंचित गंजाचा वास.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याने कधी तुमच्या कामी येऊन खरं सांगितलं, त्याला कोपऱ्यात कोरडं पडू देऊ नका, मग ती बादली असो की माणूस. आणि कुणाचं सांगणं खोटं ठरलं, तर त्याला फेकण्याआधी त्याला कुठल्या पाण्यात बुडवलं होतं तेवढं विचारा.

ताईने माझ्यात हात घातला. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. ओल्या हातानेच तिने फोन लावला आणि म्हणाली, "धाकट्या, बादली भरलीय. पाणी गार आहे."

पलीकडे जरा वेळ खरखर झाली. मग त्याने विचारलं, "कुठल्या बाजूने?"

"दोन्ही," ताई म्हणाली.

"मिळालं," धाकटा म्हणाला.